पॅनेलांनी एकमेकांना ओळखावं का? डेस्कटॉप प्रोग्रॅममधल्या सामायिक माहितीबद्दल

ओळंबा

डेस्कटॉप प्रोग्रॅममध्ये एका पॅनेलमधली (विंडोच्या एका भागातली) माहिती दुसऱ्यापर्यंत कशी न्यायची, याबद्दल माझं मत ठाम आहे. विरोध असेल तर तो ऐकायचा आहे.

पॅनेलांनी एकमेकांना ओळखू नये. माहिती एका साध्या ऑब्जेक्टमध्ये, म्हणजे मॉडेलमध्ये राहावी. मुख्य विंडो उघडताना ते एकदाच तयार करावं आणि ज्याला लागेल त्याच्या हातात कन्स्ट्रक्टरमधून, म्हणजे तो भाग तयार होतानाच, द्यावं. ग्लोबल व्हेरिएबल (कुठूनही वाचता-बदलता येणारं) नको, सिंगल्टन (अख्ख्या प्रोग्रॅममध्ये एकच असणारा ऑब्जेक्ट) नको, आणि 'गेटपेरेंट' म्हणत (आपल्याला वेढणारा भाग मागत) एकेक पायरी वर चढत माहिती हुडकणं तर अजिबात नको.

हे मत एका चुकीतून आलंय. स्विंगमधला (विंडो बनवायची जावाची लायब्ररी) प्रोग्रॅम होता: डावीकडे नोंदींची यादी, उजवीकडे फॉर्म, आणि दोनदा क्लिक केलं की तपशिलाची वेगळी विंडो. फॉर्म उघडताना मी नोंदीची प्रत काढायचो, तपशिलाची विंडोही स्वतःची प्रत काढायची. वापरणाऱ्याने फॉर्ममध्ये नाव दुरुस्त करून सेव्ह केलं, मग आधीच उघड्या असलेल्या विंडोत शेरा लिहून तिथेही सेव्ह केलं. शेरा राहिला, दुरुस्त केलेलं नाव गेलं. कुठेही एरर नाही. माणसाचं काम असं गुपचूप पुसलं जाणं मला फार लागलं.

हातोटी

तुमचा अनुभव पटला, निष्कर्ष पटला नाही. घोळ झाला तो एका नोंदीच्या दोन प्रती झाल्या म्हणून. नोंद ग्लोबलमध्ये एकच असती तरी तो झाला नसता. मग ग्लोबलवर राग का?

कन्स्ट्रक्टरमधून द्यायचं म्हणता, तर मुख्य विंडोत टॅब, टॅबमध्ये पॅनेल, पॅनेलमध्ये टूलबार आणि टूलबारच्या बटणातून उघडणारा डायलॉग. फॉन्टचा आकार लागतो तो शेवटच्या डायलॉगला, पण मधल्या तिघांनाही तो घ्यावा लागतो, निव्वळ पुढे सरकवण्यासाठी. उद्या भाषेची निवड आली की पुन्हा चार फायली उघडा. पाच-सहा क्लासच्या प्रोग्रॅमला हा भार कशाला? सेटिंग्ज अख्ख्या प्रोग्रॅमला एकच असतात, मग त्या एका ठिकाणाहून कुणीही वाचाव्यात.

ओळंबा

सेटिंग्जपुरतं मान्य. पण ग्लोबल सेटिंग्जवर थांबत नाही. त्याच क्लासमध्ये आधी 'चालू फाइल' येते, मागून 'निवडलेली ओळ'. आणि एक दिवस मागणी येते की दोन फायली दोन विंडोंत शेजारी उघडता याव्यात. त्या दिवशी 'चालू फाइल' म्हणजे कोणती? कन्स्ट्रक्टरमधून दिलेलं असेल तर दुसऱ्या विंडोला दुसरं मॉडेल दिलं की झालं. ग्लोबल असेल तर ते वाचणारी प्रत्येक ओळ शोधून बदलावी लागते.

समांतर

मी क्यूटीत (विंडो बनवायची सी++ लायब्ररी) काम करते. मला तुम्हा दोघांचंही थोडं चुकतंय असं वाटतं.

प्रत्येक गोष्टीला सामायिक मॉडेल लागत नाही. शोधाच्या खोक्यात अक्षरं टाइप झाली की यादी गाळायची आहे, एवढंच असेल तर खोक्याने सिग्नल (बदलाची सूचना) द्यावा, यादीकडे स्लॉट (ती सूचना आली की चालणारं फंक्शन) असावा आणि दोघांना जोडणारी ओळ मुख्य विंडोत असावी. खोक्याला यादी माहीत नाही, यादीला खोका माहीत नाही. जोडण्या सगळ्या एका फंक्शनमध्ये, वरून खाली वाचता येतात. पॅनेलांनी एकमेकांना ओळखू नये ही तुमची अट यात पाळली जाते, आणि मधला साठाही लागत नाही.

शिवाय ऐकणारा ऑब्जेक्ट नष्ट झाला की क्यूटी त्याची जोडणी आपोआप तोडते. (लॅम्डा, म्हणजे जागच्या जागी लिहिलेलं बिननावाचं फंक्शन, जोडताना मात्र सोबत संदर्भाचा ऑब्जेक्ट द्यावा लागतो, हे विसरणारे बरेच भेटतात.) स्विंगमध्ये दीर्घायुषी मॉडेलला लिसनर (बदल झाला की हाक येणारा कोड) लावला आणि डायलॉग बंद करताना काढला नाही, तर मॉडेल त्या डायलॉगला धरून बसतं. डायलॉग पन्नास वेळा उघडला तर पन्नास मेलेले डायलॉग मेमरीत, आणि प्रत्येक बदलाला पन्नासही जागे होतात. ओळंबा, तुमच्या पद्धतीतलं हे बिळ तुम्ही सांगितलं नाहीत.

हातोटी

@समांतर, दोन पॅनेलांना हे छान जमतं. सात पॅनेलं एकाच नोंदीकडे बघत असतील तर? प्रत्येकाची प्रत्येकाशी जोडणी केली तर सात गुणिले सहा, बेचाळीस. तिथे तर ओळंबाचं मॉडेलच बरं.

बाकी कुणी इव्हेंट बस (सगळ्यांच्या निरोपांची एकच सामायिक वाहिनी) सुचवण्याआधीच सांगतो, मी ती वापरून पाहिली आहे. कुणीही काहीही ओरडतो, कुणीही ऐकतो, आणि 'नोंद बदलली' हा निरोप नेमका कुणी पाठवला हे शोधायला अख्खा प्रोजेक्ट धुंडाळावा लागतो.

ओळंबा

समांतर, लिसनरचं बरोबर आहे. डायलॉग बंद होताना लिसनर काढणं हा माझ्याकडे नियम आहे, आधी लिहायला हवा होता.

पण सिग्नलवर माझा आक्षेप आहे. सिग्नल म्हणजे घटना, ती घडून जाते. तपशिलाची विंडो दहा मिनिटांनी उघडली तर मधल्या दहा मिनिटांतले सिग्नल तिने ऐकलेलेच नसतात. आत्ताची स्थिती ती कुणाला विचारणार? ट्रिग्वे रीन्स्काउग यांनी १९७९ मध्ये झेरॉक्स पार्कमध्ये मॉडेल आणि व्ह्यू (पडद्यावर दिसणारा भाग) वेगळे केले, त्यातला हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो: व्ह्यू केव्हाही जन्माला येवो, मॉडेलकडे बघून तो स्वतःला पूर्ण रंगवू शकतो.

स्विंगमध्ये हे आतपर्यंत मुरलेलं आहे. दोन टेबलांना एकच टेबलमॉडेल देता येतं. दोन मजकूर-चौकटींना एकच डॉक्युमेंट (मजकुराचं मॉडेल) दिलं तर एकीत टाइप केलेलं अक्षर त्याच क्षणी दुसरीत दिसतं, आपण एकही ओळ न लिहिता.

समांतर

डॉक्युमेंट काढलंत ते बरं केलं, कारण खरी दुखणी तिथेच आहेत. मॉडेल बदललं की चौकट बदलते, चौकट बदलली की लिसनर पुन्हा मॉडेलला लिहितो. हे चक्र कुठे तोडता? क्यूटीत 'टेक्स्टएडिटेड' सिग्नल माणसाने टाइप केलं तरच येतो, प्रोग्रॅमने मजकूर भरला तर येत नाही. 'टेक्स्टचेंज्ड' दोन्ही वेळा येतो. मॉडेलला लिहिणारी जोडणी पहिल्याला केली की चक्र उरत नाही. स्विंगच्या डॉक्युमेंट लिसनरला हा फरक कळतच नाही.

ओळंबा

नाही कळत. त्याहून वाईट म्हणजे, भरलेल्या चौकटीवर 'सेटटेक्स्ट' केलं की आधी जुना मजकूर काढल्याची सूचना येते, मग नवा घातल्याची. मधल्या क्षणी लिसनरला चौकट रिकामी दिसते आणि तो इमानाने मॉडेलमध्ये रिकामं नाव लिहितो. तिथूनच चौकट पुन्हा बदलायला गेलात तर डॉक्युमेंट थेट एक्सेप्शन फेकतं, म्हणजे चूक दाखवून काम तिथेच तोडतं. म्हणून मी मॉडेलच्या सेटरमध्ये (किंमत बदलणाऱ्या फंक्शनमध्ये) जुनी-नवी किंमत सारखी असेल तर गप्प राहतो, आणि मॉडेलमधून चौकट भरताना लिसनर तेवढ्यापुरता बाजूला काढतो. सुंदर नाही, पण चालतं.

हातोटी

आणि थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे कामाचे धागे? फाइल मागच्या थ्रेडवर वाचली आणि तिथूनच मॉडेलला लिहिलं, तर तुमचे लिसनरही त्याच थ्रेडवर धावणार आणि तिथूनच लेबलं, टेबलं बदलणार. स्विंगमध्ये हे चालत नाही. रोज होणारी चूक असती तर सापडली असती, ही महिन्यातून एकदा होते.

ओळंबा

मॉडेलला लिहिणं फक्त इव्हेंट थ्रेडवर, म्हणजे पडदा सांभाळणाऱ्या थ्रेडवर. मागच्या थ्रेडने वाचून झालं की निकाल 'इनव्होकलेटर'मधून (काम इव्हेंट थ्रेडच्या रांगेत लावणारं फंक्शन) द्यायचा. मॉडेलच्या प्रत्येक सेटरच्या पहिल्या ओळीत मी थ्रेड तपासतो आणि चुकीचा असेल तर तिथेच एक्सेप्शन टाकतो.

समांतर

क्यूटी ऐकणाऱ्याचा थ्रेड बघून सिग्नल स्वतःच रांगेत लावते, तरी सेटरमधली ती तपासणी मी उचलणार आहे.

पण सुरुवातीच्या प्रसंगाकडे पुन्हा बघा. मॉडेल एकच केलंत, ठीक. आता वापरणाऱ्याने फॉर्ममध्ये नाव बदललं आणि 'रद्द' दाबलं. प्रत्येक अक्षर थेट सामायिक मॉडेलमध्ये गेलेलं असेल तर रद्द कशाचं करणार? फॉर्मला प्रत लागतेच.

ओळंबा

लागते, हे मान्य करतो. अर्धवट लिहिलेलं फॉर्मचं स्वतःचं असावं आणि सेव्हला फक्त बदललेल्या चौकटी मॉडेलमध्ये जाव्यात, सगळी नोंद नाही. तसं असतं तर शेऱ्याच्या विंडोने नावाला हातच लावला नसता.

हातोटी

आणि दोन्ही विंडोंत नावच बदललं असेल तर?

ओळंबा

तर सेव्ह थांबवून दोन्ही नावं माणसापुढे ठेवायची. त्यासाठी फॉर्मने प्रत घेतली तेव्हाचं मूळ नावही जपून ठेवावं लागेल, ते मी आज ठेवत नाही.