माहिती अधिकारात 'वैयक्तिक' म्हणून नकार, आता काय?

रस्त्याच्या कामाचं हजेरीपत्रक मागितलं होतं. महिन्याने उत्तर आलं, 'वैयक्तिक माहिती, देता येत नाही.' उखडलेली खडी अख्ख्या गावाला दिसते, ती कुणाची वैयक्तिक?

— 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याचं कलम 44(3) वाचा. माहिती अधिकार कायद्यात वैयक्तिक माहिती नाकारण्याचं कलम 8(1)(जे) आहे, त्यातली 'जनहित असेल तर द्या' ही सोय त्यानेच कापली. 'जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती नागरिकालाही नाकारता येत नाही', हे वाक्यही गेलं.

— पण त्याच माहिती अधिकार कायद्याचं कलम 8(2) शाबूत आहे! जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. पहिल्या अपिलात तेच ठळक लिहा. मुदत 30 दिवस.

— लिहितो. वीस रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणलाय. टाइप करतानाच 'कर्ज हवंय का' विचारणाऱ्या बाईंचा फोन आला, माझं पूर्ण नाव घेऊन. तेवढं मात्र वैयक्तिक नाही वाटतं.