मदत हवी आहे: ओमानमधील अल हमरा गावी आईची जुनी शेजारीण कशी शोधावी?

नाशिकची_लेक
नमस्कार. ओमानमध्ये निझवाच्या पुढे, जबल शम्सच्या पायथ्याशी अल हमरा नावाचे लहान गाव आहे. तेथे आईला घेऊन जायचे आहे आणि तिची जुनी शेजारीण शोधायची आहे. येत्या सोमवारी विमान आहे आणि आमच्या हाताशी एक फोटो व एक अर्धे नाव यांखेरीज काहीही नाही. तिला गावात सगळे 'उम्म' अमुक, म्हणजे अमक्याची आई, अशीच हाक मारत. तिचे स्वतःचे नाव आईला कधी कळलेच नाही. हा फोटो तिकडच्या फेसबुक समूहांवर टाकावा असा विचार आहे. असे समूह कोणाला ठाऊक असल्यास सांगावे. मस्कतहून अल हमराला कसे जावे, हेही कृपया लवकर सांगावे.

रुवीवासी
मी २००३ पासून मस्कतमध्ये राहतो आणि अल हमराला अनेकदा जाऊन आलो आहे, त्यामुळे मदत नक्की करता येईल. मात्र तुम्ही फारच कमी सांगितले आहे. सोमवारी म्हणजे नेमक्या कोणत्या तारखेला येता आणि परत कधी जाता? बरोबर कोण आहे? गाडी कोण चालवणार? आईंचे वय काय, त्या चालू शकतात का, आणि त्या गावात कोणत्या साली व कशासाठी होत्या? व्हिसा हाती आला आहे का?

घाटवाट
माझा सल्ला ऐका आणि मस्कत विमानतळावरच चारही चाकांना जोर मिळणारी (फोर-व्हील ड्राइव्ह) मोठी गाडी भाड्याने घ्या. अल हमरापर्यंत जाऊन जबल शम्स न पाहता परत येणे म्हणजे महाबळेश्वरला जाऊन बाजारातूनच परतण्यासारखे आहे. डोंगर सुमारे ३००० मीटर उंच आहे आणि वरून दिसणारी वादी घुलची दरी मी तरी आयुष्यात विसरणार नाही. कड्याच्या पोटातून जाणारी पायवाट पहाटे धरावी, कारण उन्हाळा नसला तरी दुपारी ऊन चढते.

नाशिकची_लेक
आईला दरी पाहायची नाही, तिला माणूस भेटायचे आहे. रुवीवासी, तुमच्या प्रश्नांची उत्तरे देते. आई परिचारिका होती आणि १९८६ ते १९९१ या काळात अल हमराच्या सरकारी आरोग्य केंद्रात नोकरीला होती. आता ती ६९ वर्षांची आहे, दोन्ही गुडघे दुखतात आणि मधुमेह आहे. माझा धाकटा भाऊ बरोबर आहे, पण परदेशात गाडी चालवण्याचे धाडस आम्हा दोघांनाही नाही. १६ फेब्रुवारीला पोहोचतो आणि २२ तारखेला परत निघतो. पहिले तीन दिवस मस्कत पाहावे आणि नंतर अल हमराला जावे, असा बेत आहे. व्हिसा झाला आहे.

रुवीवासी
ताई, तारखा आधी सांगितल्या असत्यात तर पहिल्याच उत्तरात हे लिहिले असते. यंदा, म्हणजे २०२६ मध्ये, रमजान चंद्रदर्शनानुसार १८ किंवा १९ फेब्रुवारीला सुरू होईल, आणि तुम्ही नेमक्या त्याच दिवसांत गावी जायचे ठरवले आहे. रमजानमध्ये दिवसा सार्वजनिक ठिकाणी खाणे, पाणी पिणे किंवा धूम्रपान करणे ओमानमध्ये कायद्याने गुन्हा आहे, आणि हा नियम परधर्मीयांनाही लागू आहे. मस्कतच्या मोठ्या हॉटेलांत सोय होते, पण अल हमरासारख्या गावात सूर्यास्तापर्यंत उपाहारगृहे बंदच असतात. मधुमेह असलेल्या आईंना वेळेवर खावेच लागणार, म्हणून बेत उलटा करा: १६ तारखेला उतरल्यावर रात्र मस्कतला काढा, १७ तारखेला सकाळीच अल हमरा गाठा आणि मस्कत शेवटी ठेवा.

प्रवासाचे म्हणाल तर अंतर साधारण १८० किलोमीटर आहे, रस्ता उत्तम आहे आणि दोन तासांत पोहोचता येते. सरकारी मवासलातच्या बस निझवापर्यंत जातात आणि तेथून पुढचे सुमारे ४० किलोमीटर नारिंगी-पांढऱ्या टॅक्सीने जाता येते; भाडे मात्र बसण्यापूर्वीच ठरवावे लागते. गुडघे दुखत असताना सामानासह अशी चढ-उतार मी सुचवणार नाही. मस्कतहूनच चालकासह दोन दिवसांची गाडी ठरवा.

जुना_आखाती
रुवीवासींनी नियम बरोबर सांगितला आहे, पण रमजानची एवढी भीती घालण्याचे कारण नाही. मी २२ वर्षे आखातात काढली आणि माणसे जेवढी जवळून त्या महिन्यात भेटली तेवढी एरवी कधी भेटली नाहीत. दिवसभर गाव निजल्यासारखे असते हे खरे, पण सूर्य मावळला की घराघरांतून खजूर, लाबान (ताक) आणि हरीस (गहू व मांसाची खीर) बाहेर येते, आणि दारात उभ्या असलेल्या परक्या माणसाला कोणी परत जाऊ देत नाही. जुनी ओळख शोधायची तर याहून चांगला काळ नाही.

रुवीवासी
आपला अनुभव खरा आहे, याबद्दल मला शंका नाही. परंतु आपण तेव्हा तरुण व धडधाकट होता आणि या काकूंना दुपारी दोन वाजता गोळीबरोबर काहीतरी खावे लागते. इफ्तारचे आमंत्रण संध्याकाळी येईल. शोधाशोध दिवसाच करावी लागणार आहे.

सागरपार
फोटोचा प्रश्न तसाच राहिला. माझ्या मते फेसबुकपेक्षा इन्स्टाग्राम लवकर काम करते. अल हमराच्या नावाने शोधा, स्थानिक तरुण तेथील जुन्या घरांचे व्हिडिओ टाकतात, त्यांना फोटो पाठवा. एका दिवसात पत्ता लागेल.

उम्म_नाही_पण_आई
असे कृपया अजिबात करू नका. मी ओमानमधल्याच सोहार शहरात १४ वर्षे शिक्षिका होते. फोटोत त्या बाईंचा चेहरा दिसत असेल, तर त्यांच्या व त्यांच्या घरच्यांच्या परवानगीशिवाय तो परक्या पुरुषांच्या फोनवर फिरणे हा त्यांच्या दृष्टीने मोठा अपमान ठरू शकतो. ३५ वर्षांपूर्वी मैत्रिणीने विश्वासाने काढू दिलेला तो फोटो आहे. तो बाजारातल्या दुकानदारालाही दाखवू नये.

'उम्म' या हाकेबद्दलही सांगते. थोरल्या मुलाच्या नावावरून आईला हाक मारणे हा तेथील आदर आहे. घरातील स्त्रीचे नाव बाहेरच्या पुरुषासमोर सहसा घेत नाहीत, त्यामुळे आईंना ते कळले नाही यात नवल नाही. म्हणून शोध घ्यायचा तो त्या मुलाचा घ्यावा. तो आज चाळिशीच्या पुढे असेल आणि त्याच्याविषयी कोणालाही उघडपणे विचारता येईल. वडिलांचे नाव आठवते का? आडनाव?

नाशिकची_लेक
फोटोबद्दलचे म्हणणे पटले. हे माझ्या लक्षातच आले नव्हते, आणि तुम्ही थांबवले नसते तर आज रात्री मी तो टाकला असता. आईला विचारले. मुलाचे नाव पक्के आठवते, वडिलांचे आठवत नाही. आडनाव अल अब्री.

रुवीवासी
अल हमरा आणि वरचे मिसफात अल अब्रियीन ही मुळात अब्री टोळीचीच गावे आहेत, त्यामुळे तेथे या आडनावाने शोधणे म्हणजे कोकणातल्या एखाद्या एकाच भावकीच्या वाडीत जाऊन त्या आडनावाचे घर विचारण्यासारखे आहे. भावाला गावातल्या सबलामध्ये पाठवा. सबला म्हणजे पुरुषमंडळींची बसण्याची सार्वजनिक जागा, जेथे वडीलधारी माणसे कहवा, म्हणजे अरबी कॉफी, पीत बसतात. मुलाचे नाव, अंदाजे वय आणि 'माझी आई येथे आरोग्य केंद्रात परिचारिका होती' एवढे एक वाक्य पुरे होईल. त्या पाच वर्षांत गावात जन्मलेल्या अनेक मुलांना आईंनीच प्रथम हातात घेतले असण्याची शक्यता आहे.

औषधे_तपासा
मी व्यवसायाने औषधनिर्माता आहे, म्हणून मध्येच विचारतो. गुडघ्यांसाठी आई कोणती गोळी घेतात? ट्रॅमाडॉल किंवा कोडीन असलेल्या वेदनाशामकांवर आखाती देशांत कडक नियंत्रण आहे. गोळीच्या पाकिटावरील बारीक अक्षरांतले घटक वाचा आणि सर्व औषधांबरोबर डॉक्टरांची स्वाक्षरी व शिक्का असलेली चिठ्ठी ठेवा. खाऊत खसखसही नेऊ नका. अमिरातीत तिच्यावर बंदी आहे. ओमानला जातानाही ती जोखीम घेण्यात अर्थ नाही.

नाशिकची_लेक
मनापासून आभार. पाकीट आत्ता दिव्याखाली धरून वाचले, त्यात पॅरासिटामॉलबरोबर ट्रॅमाडॉल आहे. सकाळी डॉक्टरांकडून गोळी बदलून घेते. आणि आईने शेजारणीसाठी डिंकाचे लाडू वळून ठेवले आहेत, त्यांत खसखस आहे. तिला सांगितले, तर काही न बोलता तिने पुन्हा खारीक कुटायला घेतली आहे.

मोसमी
तुम्ही ओमानला जातच आहात तर सलालाह चुकवू नका. जून ते सप्टेंबरमध्ये तेथे आपल्या कोकणासारखा पावसाळी हिरवा डोंगर दिसतो आणि उत्तम लोबान मिळतो.

रुवीवासी
सलालाह मस्कतपासून सुमारे १००० किलोमीटर दूर आहे आणि ही मंडळी फेब्रुवारीत येत आहेत.

पाण्याचा_माणूस
फोटो कोठे काढला आहे, हे कोणीच विचारले नाही. मागे पाणी दिसते का? मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो आहे आणि ओमानमधील फलज पाहण्यासाठी मुद्दाम गेलो होतो. फलज म्हणजे झऱ्याचे किंवा भूमिगत पाणी केवळ उतारावर खेळवत गावात आणणारा पाट. तेथे सुमारे ३००० फलज आजही वाहतात आणि त्यांपैकी पाच २००६ साली युनेस्कोच्या वारसा यादीत आले. आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या नहर-ए-अंबरी या जुन्या भूमिगत पाणीयोजनेशी त्यांचे नाते जवळचे आहे. प्रत्येक शेताला पाण्याची ठरलेली पाळी असते आणि ती मोजण्यासाठी दिवसा सावली व रात्री तारे पाहत.

हे येथे लिहिण्याचे कारण असे की गावात पाण्याचा क्रम ठरलेला असतो: सर्वांत वर पिण्याचे पाणी, मग मशिदीत वुजूचे (नमाजापूर्वी हातपाय धुण्याचे), मग आंघोळीचे व धुण्याचे, आणि शेवटी खजुराच्या बागा. फोटो धुण्याच्या जागेचा असेल, तर गावातल्या जुन्या माणसाला तो पाट पाहूनच कोणती आळी ते सांगता येईल. बाईंचा चेहरा पूर्ण कापून फक्त पाट, भिंत आणि दार दिसेल एवढाच भाग छापून न्या.

नाशिकची_लेक
फोटोत दोघी पाटाच्या काठावर बसल्या आहेत. मागे मातीची भिंत आहे, तिच्यात लहान कमानीचे लाकडी दार आहे, आणि दाराशेजारच्या कोनाड्यात पितळी कहवादाणी ठेवलेली दिसते. आई म्हणते की ते दार शेजारणीचेच. तेवढाच भाग आज कापून, मोठा करून छापून घेतला.

उम्म_नाही_पण_आई
उत्तम. आता एवढेच ध्यानात ठेवा की जुन्या गावातील कित्येक घरे रिकामी आहेत, कुटुंबे केव्हाच खालच्या नव्या वस्तीत गेली. दार बंद सापडले तर आईंना निराश होऊ देऊ नका. जुन्या वस्तीत बैत अस सफा नावाचे घर संग्रहालय म्हणून जपले आहे. तेथे गावातल्या स्त्रिया पातळ भाकरी भाजून आणि तेल काढून दाखवतात. आईंनी व तुम्ही त्यांच्याजवळ बसावे. बाईने बाईला बाईविषयी विचारण्यात काही वावगे नाही, आणि मूळ फोटो दाखवायचाच तर तो तेथे, फक्त त्यांनाच दाखवावा. मुक्काम मिसफातमध्ये नको, त्या गावात पायऱ्याच पायऱ्या आहेत. अल हमरामध्येच तळमजल्याची खोली मागा. बाह्या मनगटापर्यंत असाव्यात आणि ओढणी जवळ ठेवावी.

घाटवाट
मी घाईने उत्तर दिले होते, ते मागे घेतो. मात्र मिसफातच्या अलीकडे रस्त्याच्या वळणावरून गाडीतूनच संपूर्ण गाव समोर दिसते. आईंना तेवढे नक्की दाखवा. आणि पाऊस झाला तर वाहत्या वादीत (एरवी कोरड्या असणाऱ्या नदीपात्रात) चालकाला गाडी घालू देऊ नका, पाणी क्षणात चढते.

नाशिकची_लेक
१७ तारीख, रात्री अल हमराहून लिहीत आहे. दार सापडले. कुलूप आहे आणि वरचा मजला ढासळला आहे, पण कोनाडा तसाच आहे. आईने त्यात हात घालून पाहिला. भावाला सबलामध्ये दोन नावे मिळाली, दोन्ही चुकीची निघाली. आई बैत अस सफामध्ये भाकरी भाजणाऱ्या बाईंजवळ बसली, तिला ३५ वर्षांपूर्वीचे अरबी शब्द एकेक करून आठवू लागले, आणि मूळ फोटो पाहताच त्या बाईंनी तवा उतरवून फोन लावला. शेजारीणबाई आता मुलाकडे सीबमध्ये राहतात, म्हणजे मस्कत विमानतळापासून अगदी जवळ. त्यांनी फोनवर आईला तिच्या नावाने हाक मारली. २० तारखेला, शुक्रवारी, इफ्तारला बोलावले आहे. लाडवांखेरीज आणखी काय न्यावे, आणि तेथे काय सांभाळावे?

उम्म_नाही_पण_आई
फळांची मोठी परडी न्या आणि घरातल्या मुलांसाठी काहीतरी गोड घ्या. सूर्यास्ताच्या थोडे आधी पोहोचा. आधी खजूर पुढे येतील, ते उजव्या हाताने घ्यावेत. कहव्याचा लहान पेला रिकामा झाला की पुन्हा भरला जातो. पुरे झाल्यावर तो बोटांत धरून हलकेच हलवायचा आणि परत द्यायचा. बायका वेगळ्या खोलीत बसतील, त्यामुळे भाऊ पुरुषांत असेल आणि आईंना मैत्रिणीजवळ निवांत बसता येईल. मूळ फोटोची एक प्रत पाकिटात घालून त्यांच्याच हातात द्या.