मदत हवी आहे : लॉकरमधल्या सोन्याचं बक्षीस, ताबा कसा दाखवायचा?

नमस्कार मंडळी. कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातल्या एका आत्यांना आपलं ८ तोळे सोनं आणि दोन म्हशी चंदगडच्या भाचीला हयातीतच बक्षीस द्यायच्या आहेत. आत्याबाई शुद्धीवर आहेत, खंबीर आहेत.

मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चं कलम १२३ सांगतं की जंगम वस्तू नोंदणीकृत दस्ताने देता येते किंवा प्रत्यक्ष ताबा देऊन. म्हशींचं सोपं आहे, दावं भाचीच्या हाती दिलं आणि तिने त्या नेल्या की झालं. सोनं मात्र बेळगावच्या बँकेत, आत्यांच्या एकट्याच्या लॉकरमध्ये. नुसती किल्ली दिली तर बँक भाचीला लॉकर उघडू देणार नाही, मग ताबा दिला कसा म्हणायचा? "दिलं गं तुला" एवढ्यावर तर बक्षीस होतच नाही. शिवाय आत्या हयात आणि देण्यास सक्षम असतानाच भाचीने स्वीकारायला हवं (कलम १२२), नाहीतर सोनं वारसांकडे जाईल.

माझ्या मते सोनं बाहेर काढून, वजनासह यादी करून, दोन साक्षीदारांसमोर हाती द्यावं. पण घरचे नोंदणीवर अडून आहेत. नोंदणी कायद्याच्या कलम १९ प्रमाणे, अधिकाऱ्याला न कळणारी आणि जिल्ह्यात सर्रास न वापरली जाणारी भाषा असेल तरच भाषांतर जोडावं लागतं. खानापुरात मराठी बक्षीसपत्र अलीकडे कुणी नोंदवलंय का? कन्नड भाषांतर मागितलं का? कृपया लवकर कळवा.