कॉकेटिएलची नखे घरी सुरक्षितपणे कशी कापावीत? सल्ला हवा आहे

प्रश्न (गुहागरहून)

नमस्कार. आमच्याकडे तीन वर्षांचा करडा कॉकेटिएल आहे, म्हणजे तुरा असलेला छोटा विदेशी पोपट, दुकानदार ज्याला सरसकट 'कॉकटेल' म्हणतात तो. गेल्या महिनाभरात त्याची नखे इतकी वाढली आहेत की खांद्यावरून उतरताना ती ओढणीच्या धाग्यांत अडकतात आणि तो घाबरून पंख फडफडवतो. सपाट टेबलावर उभा राहिला की त्याची बोटे पूर्ण टेकत नाहीत, टोके उचललेली दिसतात. मागच्या वेळी एका दुकानात नखे कापून घेतली होती, तेव्हा एक नख खोलवर कापले गेले आणि घरी पोहोचेपर्यंत पिंजऱ्यातल्या कागदावर रक्ताचे ठिपके पडत होते. त्या दिवसापासून मी धसकाच घेतला आहे. आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात मुख्यतः गाई-म्हशी येतात, पक्ष्यांची सवय असलेले डॉक्टर जवळपास नाहीत. नखे काळपट असल्यामुळे आतली रक्तवाहिनी दिसत नाही. घरी नखे कापणे कितपत सुरक्षित आहे, त्यासाठी काय वापरावे, आणि रक्त आलेच तर हळद दाबावी असे सासूबाई म्हणतात, ते योग्य आहे का?

उत्तर (मालवणहून)

ताई, घरी कापता येतात. आमच्या दोन कॉकेटिएलची नखे मी घरीच कापतो. मात्र कटर हातात घेण्याआधी पक्ष्याला धरायला शिकावे, कारण नख थोडे जास्त कापले गेले तर रक्त येते, पण पकड चुकली तर जीव जाऊ शकतो. पक्ष्याला आपल्यासारखे श्वासपटल नसते. त्याच्या छातीचे हाड खाली-वर हलते तेव्हाच हवा आत-बाहेर होते, त्यामुळे छातीभोवती मूठ आवळली तर नाक आणि चोच मोकळी असूनही तो गुदमरतो. अंगठा आणि तर्जनी डोक्याच्या दोन्ही बाजूंना, जबड्याच्या खाली ठेवावी आणि बाकीची बोटे पाठीवर सैल राहू द्यावीत. पोट आणि छाती पूर्ण मोकळी राहिली पाहिजे. गुंडाळायला टॉवेलपेक्षा जुना, धुऊन मऊ झालेला पंचा घ्यावा, कारण टॉवेलच्या फासांत तीच वाढलेली नखे अडकतात आणि ओढाताणीत बोट दुखावते.

हे काम दोघांचे आहे, एकाने धरायचे आणि दुसऱ्याने कापायचे. दारे-खिडक्या लावून घ्याव्यात आणि छताचा पंखा आधी बंद करावा. हातून सुटलेला पक्षी थेट वर झेपावतो. आपल्याकडच्या दमट हवेत वेळही जपून निवडावी. पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसतात, पंच्यात गुंडाळलेला पक्षी चटकन तापतो, म्हणून एप्रिल-मे महिन्यात हे काम सकाळी लवकर उरकावे. तो चोच उघडी टाकून धापा टाकू लागला तर उरलेली नखे राहू द्यावीत आणि त्याला लगेच सोडावे. आठही नखे एकाच दिवशी झाली पाहिजेत असे काही नाही.

लहान बाळांचे नेलकटर या आकाराच्या नखाला पुरते, फक्त ते बाजूने लावावे. वरून-खालून दाबले तर गोल नख चेपते आणि उभे चिरू शकते. सुईसारखे बारीक झालेले टोक, फार तर एक मिलिमीटर, एवढेच काढावे. तुमच्या पक्ष्याच्या काळपट नखांना तर मी कटर लावणारच नाही. नखे घासायची साधी कानस एकाच दिशेने पाच-सहा वेळा फिरवली की टोक बोथट होते आणि अंदाज चुकण्याची भीती राहत नाही. नख फार वाढले असेल तर आतली रक्तवाहिनीही त्याच्याबरोबर पुढे आलेली असते. दर दोन आठवड्यांनी थोडे थोडे घासत गेले तर ती हळूहळू मागे सरकते. एकदाच आखूड करण्याचा मोह टाळावा, दुकानात बहुधा तेच झाले असावे.

रक्त आले तर हळदीवर विसंबू नये. कॉर्नफ्लॉवरची वाटी आधीच उघडून शेजारी ठेवावी, नखाचे टोक त्यात बुडवावे आणि बोटाने एक-दोन मिनिटे सतत दाबून धरावे. पुन्हापुन्हा उचलून बघू नये. रक्त थांबवणारी स्टिप्टिक पावडर मिळाली तर उत्तम, पण ती फक्त नखालाच लावावी, कातडीला लागली तर भाजते. नव्वद ग्रॅमच्या पक्ष्याच्या अंगात आठ-नऊ मिलिलिटरच रक्त असते. चार-पाच थेंबांनी निरोगी पक्ष्याला धोका होत नाही, मात्र दाबून धरूनही दहा मिनिटांत रक्त थांबले नाही तर पिंजरा उचलून डॉक्टरांकडे निघावे, मग ते गुरांचे का असेनात.

उत्तर (अलिबागहून)

वरील सल्ला मला पटतो, पण नखे का वाढली हेही पाहायला हवे. पिंजऱ्याबरोबर येणाऱ्या एकाच जाडीच्या गुळगुळीत दांड्यांवर नख झिजतच नाही. पेरूच्या किंवा शेवग्याच्या वेगवेगळ्या जाडीच्या, सालीसकट फांद्या लावाव्यात. बोटांनी दांडीला वेढल्यावर पुढची आणि मागची नखे एकमेकांना भिडू नयेत, इतकी जाडी हवी. काजू आणि आंबा दारात असले तरी त्यांच्या फांद्या घेऊ नयेत, ज्यांच्या चिकाने आपल्या हाताला फोड येतात त्या पक्ष्याला कुरतडायला का द्याव्यात? कण्हेर तर विषारीच आहे. पावसाळ्यात फांदीवर बुरशी दिसली की ती ताबडतोब बदलावी, कारण बुरशीने पक्ष्यांची फुप्फुसे बिघडतात. खरकागदाच्या दांड्या विकत मिळतात, त्या टाळाव्यात. त्यांनी तळपाय सोलवटतात. किनाऱ्यावर सापडणारे माकुळाचे हाड चोचीसाठी आणि कॅल्शियमसाठी चांगले असते, नखांना त्याचा उपयोग नाही.

नखांबरोबर चोचही वाढत असेल, किंवा तो केवळ सूर्यफुलाच्या बियांवर असेल, तर यकृताचा विकार असू शकतो. तेव्हा कानस बाजूला ठेवून पक्ष्यांच्या डॉक्टरांना दाखवावे, मुंबईपर्यंत जावे लागले तरी. गळ्याभोवती कंठी असलेला आपला हिरवा देशी पोपट मात्र 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित असून तो घरी ठेवता येत नाही, हे इथे वाचणाऱ्या इतरांनीही ध्यानात घ्यावे.

प्रश्नकर्ती (गुहागरहून)

दोघांचेही मनापासून आभार. आज सकाळी सात वाजता सासूबाईंनी पंच्यात धरले आणि मी उजव्या पायाची चार नखे कानशीने घासली. चौथ्या नखाला तो चोच उघडून धापा टाकू लागला, म्हणून तिथेच सोडले. पाच मिनिटांत तो राळा खायला वाटीवर आला. रक्ताचा एक थेंबही आला नाही. चोच नीट आहे, पण दांड्या तिन्ही गुळगुळीतच निघाल्या, तेव्हा परसातल्या पेरूच्या दोन फांद्या धुऊन उन्हात ठेवल्या आहेत. डावा पाय रविवारी घेणार आहे.