‘रोल-प्लेइंग गेम’ला मराठीत काय म्हणावे : भूमिका, सोंग की आणखी काही?

निशाचर

कथाप्रधान इंडी, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या पैशावाचून बनवलेल्या, व्हिडिओ गेमांविषयी मी काही दिवसांपासून मराठीत टिपणे लिहीत आहे आणि जवळजवळ प्रत्येक टिपणाच्या पहिल्याच परिच्छेदात एका शब्दापाशी अडतो. तो शब्द म्हणजे ‘रोल-प्लेइंग’, ज्यात खेळणारा एखादे पात्र होऊन वावरतो. बोलताना आम्ही खेळणारे सगळे सरसकट ‘आरपीजी’ म्हणतो आणि कोणाचे काही बिघडत नाही. परंतु माझे एक टिपण वाचून काकांनी विचारले, ‘‘म्हणजे ते खांद्यावरून डागतात ते रॉकेट का रे?’’ युद्धाच्या बातम्या नेमाने वाचणाऱ्या माणसाचा तो प्रश्न अगदी रास्त होता.

कोशात पाहिले तर ‘रोल’ला ‘भूमिका’ हा प्रतिशब्द हाताशीच आहे, तेव्हा ‘भूमिकाप्रधान खेळ’ असे म्हणून मोकळे होता आले असते. पण हा शब्द वापरू लागल्यावर त्याच्या पोटातले दोन अर्थ मला छळू लागले. नट ‘भूमिका करतो’ किंवा ‘वठवतो’. पक्ष, संपादक आणि साहित्य संमेलनाचे अध्यक्ष ‘भूमिका घेतात’ किंवा ‘मांडतात’. पहिल्या प्रकारात आपण दुसरे कोणीतरी होतो, तर दुसऱ्या प्रकारात आपण कोण आहोत ते जाहीर करतो. एरवी ही संदिग्धता दोषच ठरली असती. माझ्या आवडीच्या गेमांच्या बाबतीत मात्र तीच नेमकी कामाची आहे, असे मला वाटते.

उदाहरण ‘डिस्को एलिझियम’चे घेतो. एस्टोनियात मूळ असलेल्या झा/उम या गटाचा हा गेम २०१९ साली आला. त्यातला पोलीस अधिकारी हॉटेलच्या खोलीत शुद्धीवर येतो, तेव्हा त्याला स्वतःचे नावसुद्धा आठवत नसते. अंगावर धड कपडे नाहीत, छताच्या फिरत्या पंख्याला नेकटाय लटकलेला आहे, आणि तो ओढून काढण्याच्या प्रयत्नात फासे उलटे पडले तर गेम तिथल्या तिथे संपू शकतो. तलवारी, ढाली, राक्षस यांपैकी येथे काही नाही. आहे ते संभाषण, आणि संभाषणात उत्तर देताना आपण साम्यवादी बोलतो, फॅसिस्ट बोलतो, बाजारवादी बोलतो की कुंपणावर बसतो, याची गेम मुकाट्याने नोंद ठेवतो. विसरभोळ्या पोलिसाची भूमिका करता करता खेळणाऱ्याला भूमिका घ्यावी लागते. आणि ती टाळली, तर टाळणे हीसुद्धा भूमिकाच धरली जाते.

१९७४ साली अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ आला, तेव्हा टेबलाभोवती बसलेली माणसे फासे टाकत आणि तोंडाने बोलून पात्रे उभी करत. हा प्रकार संगणकावर आल्यानंतर बोलणे मागे पडले आणि आकडे पुढे आले, इतके की ज्यात पात्राची ताकद आकड्यांनी वाढते तो आरपीजी, अशी व्याख्या रूढ होऊन बसली. माझ्या मते हा नावाचा विपर्यास आहे. अलीकडच्या काही छोट्या गटांनी आकडे ठेवून बोलणे परत आणले, म्हणूनच मराठी शब्द निवडताना आकड्यांकडे न पाहता बोलण्याकडे पाहावे, अशी माझी विनंती आहे. जाणकारांनी मत द्यावे.

विंगेतला

मी गेम खेळत नाही, परंतु हौशी नाटकांत पंचवीस वर्षे पडदा ओढला आहे, एवढ्या अधिकारावर लिहितो. आपण ‘गेम’ या शब्दाला हातही लावला नाहीत, याचे नवल वाटले. मराठीत ‘खेळ’ म्हणजे केवळ क्रीडा नव्हे. तमाशाचा खेळ असतो, कळसूत्री बाहुल्यांचा खेळ असतो, सिनेमाचा रात्री नऊचा खेळ असतो. खेळणे आणि करून दाखवणे यांना आपल्या भाषेने एकाच शब्दात बसवले आहे. तेव्हा ‘खेळ’ म्हटले की निम्मे ‘रोल-प्लेइंग’ त्यात आलेच.

उरलेल्या निम्म्यासाठी मी ‘सोंग’ सुचवीन. दशावतारात सोंगे येतात, बोहाड्यात सोंगे नाचतात, बहुरूपी सोंग घेऊन दारात उभा राहतो आणि त्याला पाहणारा आणि तो स्वतः, दोघांनाही ठाऊक असते की हे सोंग आहे. हा उघड करार ‘भूमिका’ या शब्दात नाही. शिवाय ‘भूमिकाप्रधान’ हा शब्द अनुदानाच्या अर्जातला वाटतो.

आणखी एक. एकच गेम लोक दोनदा, तीनदा खेळतात आणि प्रत्येक वेळी तो वेगळा होतो, असे आपल्या टिपणांत वाचले. त्या प्रत्येक खेपेला इंग्रजीत जे ‘प्लेथ्रू’ म्हणतात, त्याला आमच्याकडे ‘प्रयोग’ हा शब्द केव्हाचा तयार आहे. संहिता तीच, परंतु कालचा प्रयोग आणि आजचा प्रयोग एक नसतो. आणि ‘करून पाहणे’ हा प्रयोगाचा दुसरा अर्थही येथे फुकटात मिळतो.

निशाचर

विंगेतला यांचे मनापासून आभार. ‘प्रयोग’ हा शब्द मी आजपासून वापरणार आहे. त्याची एक अडचण मात्र सांगतो, कारण ती अडचणच मला फार आवडली.

‘अंडरटेल’ हा टोबी फॉक्स यांचा २०१५ सालचा गेम. त्याच्या आरंभी टोरिएल नावाची एक मायाळू राक्षसीण आपल्याला घरी नेते, बटरस्कॉच आणि दालचिनीचा ‘पाय’ हा भाजलेला गोड पदार्थ करून खायला घालते आणि शेवटी आपण बाहेर पडू नये म्हणून दार अडवून उभी राहते. तिच्याशी बोलून काही होत नाही, म्हणून पुष्कळ जण तिला थोडी अशक्त करावी एवढ्याच हिशेबाने वार करतात आणि त्यांतला एक वार अनपेक्षित जिव्हारी लागून ती मरते. वास्तविक तिच्यावर हात न उचलता ‘सोडून दे’ हाच पर्याय पुनःपुन्हा निवडत राहिले तर ती वाट देते. मीही तिला मारले, हळहळलो, जुन्या नोंदीवरून तो प्रसंग पुन्हा सुरू केला आणि या खेपेला तिला जिवंत ठेवून समाधानाने पुढे गेलो. पुढच्याच दालनात फ्लावी नावाचे हसरे पिवळे फूल उभे होते आणि त्याने मला तोंडावर सांगितले की तू आधी काय केलेस ते मला माहीत आहे. नाटकात कालच्या प्रयोगात पडलेला खून आजच्या प्रयोगाला चिकटत नाही, येथे चिकटतो. तेव्हा ‘प्रयोग’ म्हणताना आदल्या प्रयोगाचे रक्त हाताला राहते, एवढी पुस्ती मनात जोडावी लागेल.

याच गेममुळे ‘लेव्हल’ला ‘पातळी’ म्हणण्याचा माझा आग्रहही डळमळला. सर्वसाधारण गेमांत शत्रू मारले की ‘ईएक्सपी’ म्हणजे अनुभवाचे गुण मिळतात आणि ते साठले की पात्राची ‘एलव्ही’ म्हणजे लेव्हल वाढते. ‘अंडरटेल’मध्येही तेच आकडे दिसत राहतात, मात्र अखेरीस कळते की येथे ‘ईएक्सपी’चा अर्थ अनुभव नसून किती जणांचा जीव घेतला याची मोजदाद असा आहे, आणि ‘एलव्ही’चा अर्थ हिंसेची पातळी. इंग्रजी आद्याक्षरांवरची ही चलाखी मराठीत उतरवणे मला तरी जमलेले नाही. ‘पातळी’ निदान पंचगंगेच्या बातम्यांमुळे आपल्या कानाला धोक्याचीच लागते, हा त्यातल्या त्यात दिलासा. लहान मुलांची लढाई लुटुपुटीची असते, कारण तिथे मेलेला गडी कपडे झटकून उठतो. ‘अंडरटेल’ने काय केले, हे एका वाक्यात सांगायचे तर त्याने गेममधली लुटुपुटू काढून घेतली.

आता ‘सोंग’. शब्द रसाळ आहे, पण त्याला लबाडीचा वास आहे. ‘झोपेचे सोंग’ म्हटले की माणूस जागा असल्याची खात्री पटते. शिवाय ‘डिस्को एलिझियम’ने तर म्हणच खरी करून दाखवली आहे. तिथला नायक स्वतःला सुपरस्टार म्हणवून घेऊ शकतो, प्रेषित म्हणवून घेऊ शकतो, वाटेल ती सोंगे आणू शकतो. परंतु हॉटेलचा व्यवस्थापक थकलेल्या खोलीभाड्याची आणि मोडतोडीची रक्कम मागतो तेव्हा पैशाचे सोंग त्याला आणता येत नाही आणि पहिल्या दिवसाचा मोठा भाग रिकाम्या बाटल्या गोळा करून विकण्यात जातो.

सोलापुरी

विषय रोल-प्लेइंगचा आहे, तरी ‘इंडी’विषयी थोडे लिहितो. आमच्याकडे इंडी म्हटले की विजापूरच्या वाटेवरचे गाव आणि तिथली लिंबे डोळ्यांसमोर येतात, त्यामुळे निशाचर यांच्या टिपणांची शीर्षके वाचून मी प्रथम फसलो होतो.

‘इंडी’ हे ‘इंडिपेंडंट’चे लघुरूप आहे असे कळल्यावर ‘स्वतंत्र गेम’ असे करावे असे वाटले. मात्र मराठीत ‘स्वतंत्र नाटक’ म्हणजे जे भाषांतरित किंवा रूपांतरित नाही ते. वाचकाचा समज असा होईल की बाकीचे गेम कोणाच्या तरी गेमावरून उतरवलेले आहेत. (ते तसे असतीलही, पण तो वेगळा वाद.)

निशाचर

‘स्वतंत्र’विषयीचा आक्षेप शंभर टक्के मान्य. मी काही काळ ‘प्रायोगिक’ आणि ‘समांतर’ या शब्दांचा विचार केला होता, कारण मोठ्या भांडवलाच्या बाहेर, शाळेच्या सभागृहात, थोडक्या पैशांत उभे राहणारे नाटक आपल्याला छबिलदासच्या दिवसांपासून परिचित आहे. पण तुलना पुरती जुळत नाही. ‘प्रायोगिक’ हे आशयाचे आणि मांडणीचे विशेषण आहे, तर ‘इंडी’ हे मूळचे पैशाचे विशेषण होते, म्हणजे खर्च कोण करतो आणि शेवटचा शब्द कोणाचा, एवढेच सांगणारे. २०२३ साली ‘डेव्ह द डायव्हर’ला ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये इंडी विभागात नामांकन मिळाले, तेव्हा यावरूनच गदारोळ झाला, कारण तो बनवणारा गट नेक्सॉन या बलाढ्य कोरियन कंपनीचा भाग होता. चित्रशैली ठिपक्याठिपक्यांची आणि साधी, म्हणून तो इंडी ‘दिसत’ होता. शब्द पैशावरून दिसण्यावर घसरल्याचे याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही. असा घसरता शब्द भाषांतरात पकडण्याचा अट्टहास न करता ‘इंडी’च राहू द्यावा आणि प्रत्येक वेळी किती माणसांनी आणि कोणाच्या पैशाने बनवला, ते वाक्यात सांगावे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली ‘राजी’ आणला, त्याविषयी लिहिताना मी ‘पुण्यातल्या छोट्या गटाचा गेम’ असे लिहिले होते आणि ते कोणालाही समजावून सांगावे लागले नाही.

याहून वाईट गोष्ट ‘ॲडव्हेंचर’ची आहे. ‘साहसी खेळ’ म्हटले की मराठी वाचक दोर, शिरस्त्राण आणि कोलाडचा तराफा शोधू लागतो. गंमत अशी की या प्रकाराचे नाव साहसावरून पडलेलेच नाही, ते एका गेमवरून पडले आहे. विल क्राउदर या प्रोग्रॅमरला गुहा धुंडाळण्याचा छंद होता. केंटकीतल्या मॅमथ केव्हमधल्या भटकंतीवरून त्याने १९७६ च्या सुमारास केवळ मजकुरावर चालणारा एक गेम लिहिला आणि पुढे डॉन वुड्स यांनी त्यात भर घातली. त्याचे नाव ‘ॲडव्हेंचर’. नंतरचे तसे सगळे गेम म्हणजे ‘ॲडव्हेंचर गेम’. आजच्या ‘फायरवॉच’मध्ये नायक वायोमिंगच्या जंगलात वणव्यांवर पहारा देतो आणि वॉकी-टॉकीवर वरिष्ठ बाईंशी बोलतो, ‘गॉन होम’मध्ये एक मुलगी रिकाम्या घरातले खण उघडून पाहते. यांत साहस कुठे आहे? आहे तो शोध. म्हणून मी ‘शोधखेळ’ लिहितो. ‘शोधकथा’ लिहिले तर लोक खून आणि गुप्तहेर यांची वाट पाहतात.

मूळ प्रश्नाकडे वळतो. ‘भूमिकाप्रधान’मधला ‘प्रधान’ अर्जातला आहे, हे पटले. विंगेतला यांचा ‘खेळ’ घेऊन नुसते ‘भूमिकाखेळ’ म्हणावे का?

जाता जाता आणखी एक मदत हवी आहे. ‘डिस्को एलिझियम’मध्ये नायकाच्या मनातली चोवीस कौशल्ये त्याच्याशी बोलतात, भांडतात, त्याला भरीस घालतात. त्यांतले ‘शिव्हर्स’ हे कौशल्य जागे झाले की थंड वाऱ्यासोबत अंगावर काटा येतो आणि रेव्हाशोल हे सबंध शहर त्याच्याशी बोलू लागते. ‘काटा’, ‘कापरे’, ‘हुडहुडी’ असे सगळे लिहून पाहिले, आणि सगळे खोडले.

विंगेतला

‘भूमिकाखेळ’ उच्चारून पाहिला. जीभ अडखळत नाही, तेव्हा चालेल. ‘सोंग’ मी परत घेतो, मात्र आपल्या पोलिसाच्या अवताराला तो शब्द राखून ठेवावा.

दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे ‘शिव्हर्स’चे, उत्तर आपण स्वतःच लिहून गेला आहात. शहर बोलते आणि अंगावर येतो तो शहारा. ‘शहर’ फारसीतून आलेला शब्द आहे आणि ‘शहारा’ त्याचा नातलग मानण्याचे काही कारण नाही. परंतु कानाला ते एका घरातले वाटतात, आणि रंगमंचावर कानाला वाटते तेच खरे धरतात.

निशाचर

‘शहारा’ वाचून दोन मिनिटे खुर्चीत नुसता बसून होतो. इंग्रजी मुळात ही सोय नाही. मराठीला ती आयती मिळाली आहे.

टिपणात ‘शहारा’, ‘प्रयोग’ आणि ‘भूमिकाखेळ’ हे तिन्ही घेतो. ‘इनलँड एम्पायर’ या कौशल्याला अजून नाव सापडलेले नाही. ते नायकाच्या आतड्यातून येणाऱ्या स्वप्नाळू कल्पनांचे कौशल्य आहे, आणि त्याच्यामुळेच तो पंख्याचा नेकटाय पुढे त्याच्याशी गप्पा मारू लागतो. ‘अंतःप्रांत’ लिहिले तर हवामानखात्याचे वाटते. कोणाला काही सुचेपर्यंत ‘ज्याच्यामुळे टाय बोलतो ते कौशल्य’ असेच लिहीन.