मदत हवी आहे : स्कूबा डायव्हिंग आधी की मौना केआ?

हवाईच्या बिग आयलंडवर कोनाच्या किनाऱ्यालगत रात्री स्कूबा डायव्हिंग करून, दिव्यांच्या उजेडाकडे जमणारे प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) खाण्यासाठी कोलांट्या घेणारे मांटा रे हे मोठे, चपटे मासे पाहावेत आणि नंतर ४,२०७ मीटर उंचीच्या मौना केआ शिखरावर गाडीने जावे, असा आमचा बेत आहे. डायव्हिंगनंतर शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडण्यापूर्वी उंचावर गेल्यास त्याचे बुडबुडे होण्याचा धोका असतो. म्हणूनच अनेक डाइव्हनंतर विमानप्रवासाआधी किमान १८ तास थांबण्याची शिफारस केली जाते, आणि विमानाच्या केबिनमध्ये ज्या उंचीइतका हवेचा दाब राखलेला असतो, त्या उंचीहूनही हे शिखर बरेच वर आहे. अशा वेळी शिखर आधी उरकावे, मध्ये एक संपूर्ण दिवस मोकळा ठेवावा, की रात्री केवळ स्नॉर्केलिंगवर (पृष्ठभागावर तरंगत नळीने श्वास घेत पाण्यात पाहण्यावर) समाधान मानावे? प्रत्यक्ष अनुभव असलेल्या जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.