ट्यूबचे नाव बदलले. घरातले बोलणे कसे बदलावे?

कोरांटी
माझी भाची यंदा दहावीत आहे. परवा नात्यातल्या एका लग्नाहून परतल्यावर तिने स्वतः असलेले सगळे फोटो पुसून टाकले. कारण विचारले तर म्हणाली, "मावशी, ते फिल्टर न लावता काढलेत." तिच्या आईच्या, म्हणजे माझ्या ताईच्या, कपाटात आमच्या लहानपणी असायची तीच 'फेअर अँड लव्हली' या गोरेपणाच्या क्रीमची ट्यूब आजही आहे, 2020 मध्ये तिच्या नावातला 'फेअर' जाऊन 'ग्लो' आला, इतकेच. गोरेपणाचे हे वेड जाहिरातींनी आणले, की आधीच असलेल्या वेडावर त्यांनी दुकान थाटले? आणि मुलीशी याविषयी बोलताना सुरुवात कुठून करावी?

वाटसरू
सगळे खापर जाहिरातींवर फोडणे मला पटत नाही. 'फेअर अँड लव्हली' 1975 मध्ये आली. त्याच्या कितीतरी आधीपासून स्थळ पाहताना मुलगी 'उजळ' आहे का हे विचारले जात होते आणि सावळ्या मुलीची शिफारस 'नाकीडोळी नीटस' अशी, जरा खालच्या आवाजात, केली जात होती. सावळ्या विठ्ठलापुढे हात जोडणाऱ्या घराला सून मात्र गोरी हवी असते. ही विसंगती कोणत्याही कंपनीने शिकवलेली नाही.

पागोळी
वाटसरू यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. मी काही वर्षे जाहिरातींचा मजकूर लिहिणारी कॉपीरायटर म्हणून काम केले आहे, म्हणून उरलेले अर्धे सांगते. पूर्वी रंगाची चिंता मुख्यतः लग्न ठरवताना डोके वर काढी. जाहिरातींनी ती मुलाखतीच्या खोलीत, कॉलेजच्या कट्ट्यावर आणि रोजच्या आरशात आणून बसवली. त्या ट्यूबची एक जाहिरात अनेकांना आठवत असेल: मुलगा नाही म्हणून हळहळणारे वडील, ते ऐकणारी सावळी मुलगी, आणि क्रीम लावल्यावर तिला मिळालेली हवाई सुंदरीची नोकरी. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने अशा जाहिरातींविरुद्ध तक्रारी केल्या आणि 2003 मध्ये सरकारने त्यांच्यावर कारवाई केली. त्या जाहिरातीचे कौशल्य (होय, कौशल्यच) असे, की मुलीच्या स्वावलंबनाची न्याय्य आकांक्षा घेऊन तिची किल्ली एका ट्यूबमध्ये असल्याचे तिने दाखवले. 2005 मध्ये पुरुषांसाठी वेगळे क्रीम आले आणि उरलेले अर्धे गिऱ्हाईकही मिळाले. जाहिरात मानक परिषदेने 2014 मध्ये सावळी व्यक्ती दुःखी, अनाकर्षक किंवा अपयशी दाखवू नये असा नियम केला, तेव्हा 'गोरा' या शब्दाची जागा 'निखार' आणि 'तेज' यांनी घेतली. फोनमधला फिल्टर तर काही न बोलताच चेहरा उजळ करून दाखवतो. त्याच्याविरुद्ध तक्रार तरी कोणत्या वाक्याची करणार?

सागरगोटा
माध्यमे मुळातच नसलेले वेडही आणू शकतात; माझे उदाहरण रंगाचे नाही, बारीक होण्याचे आहे. फिजी बेटांवर भरलेले शरीर सुदृढपणाचे लक्षण मानले जाई. तेथील नाद्रोगा भागात 1995 मध्ये दूरचित्रवाणी पोहोचली. त्या सुमारास अ‍ॅन बेकर या संशोधिकेने शाळकरी मुलींची पाहणी केली, तेव्हा खाण्याविषयीच्या विकृतीची चिन्हे 12.7 टक्के मुलींत दिसली. 1998 मध्ये तेच प्रमाण 29.2 टक्के होते. दोन्ही वेळच्या मुली वेगळ्या होत्या आणि संख्याही लहान होती, त्यामुळे हा शेवटचा पुरावा नव्हे; पण दुर्लक्ष करण्याजोगाही नाही.

निवडुंग
मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, म्हणून एवढेच विचारतो: कपाटात ती एकच ट्यूब आहे का? स्टेरॉइड मिसळलेली मलमे गोरेपणासाठी सर्रास वापरली जातात. काही दिवस चेहरा खरोखर उजळतो, मग त्वचा पातळ व लाल होते, मुरुमे आणि लव वाढते, आणि मलम थांबवले की आग होते. म्हणून माणूस ते सोडत नाही. 2018 पासून अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई आहे, तरी ती मिळतात. काही बिनलेबल क्रीममध्ये पारा असतो आणि तो मूत्रपिंडांना इजा करतो.

कोरांटी
निवडुंग, तुमचा प्रतिसाद वाचून ताईकडे गेले. ट्यूबमागे पार्लरमधून आणलेली एक बिनलेबल डबी होती, निम्मी संपलेली. भाचीने तिला हातही लावलेला नाही. ती ताईच वापरते, गेली चार वर्षे. तेव्हा बोलणे आधी ताईशी करावे लागणार. ती डबी एकदम बंद करायची की हळूहळू?